तळघरात स्ट्राँगरूम: भिंत कशाची घ्यायची, आणि ते ठरवण्याआधी काय काय बघायचं

सराफ असो, पतसंस्था असो की नवीन बंगला बांधणारा कोणी, पहिला प्रश्न ठरलेला असतो, भिंत किती इंची आणि कशाची. आणि कॉन्ट्रॅक्टरपण सांगून मोकळा होतो, नऊ इंची वीट घेऊ, आतून पत्रा मारू, काही होत नाही. मग दोन पावसाळ्यांत पत्रा मागून गंजतो, दागिन्यांच्या डब्यांना बुरशी येते, दार बसवताना चौकटीपाशी भिंत फोडावी लागते आणि ज्या भिंतीवर लाखभर जास्त घातले तिच्या वरचा स्लॅब मात्र साधा पाच इंचीच राहिलेला असतो. मटेरियल चुकीचं निवडलं म्हणून हे होतं असं कमी वेळा दिसतं, जास्त वेळा क्रम चुकलेला असतो. म्हणून खाली क्रमानेच लिहितोय, मधली पायरी गाळू नका.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कुठलीही भिंत चोराला थांबवत नाही, उशीर करते. एप्रिल २०१५ मध्ये लंडनला हॅटन गार्डनच्या सेफ डिपॉझिटमध्ये ५० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीट भिंतीला कोअर मशीनने भोकं पाडून चोर आत गेले, ईस्टरची सुट्टी होती, अलार्मचा मेसेज गेला होता पण पोलीस आलेच नाहीत. म्हणजे जाडी भरपूर होती, उशीरही झाला, पण त्या उशिराचा फायदा घ्यायला कोणी नव्हतं. तुमच्याकडे अलार्म वाजल्यावर माणूस किती वेळात पोचतो हे आधी प्रामाणिकपणे बघा, भिंत त्या हिशोबाने घ्यायची असते.

## १. सहा बाजू कागदावर काढा

खोलीला चार भिंती, वर छत, खाली जमीन. प्रत्येक बाजूसमोर लिहा की पलीकडे काय आहे: भरीव माती, स्वतःचंच बेसमेंट, कॉमन पार्किंग, शेजाऱ्याचा गाळा, ड्रेनेजचा चेंबर, लिफ्टचा खड्डा, जिना. हे लिहिल्याशिवाय मटेरियलचं बोलूच नका.

लोकांची समजूत अशी की मातीकडची बाजू सगळ्यात सेफ. बऱ्याचदा असतेही, पण नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला चोरांनी जवळचा गाळा भाड्याने घेतला, तिथून बोगदा खणला आणि बँकेच्या लॉकर रूममध्ये थेट जमिनीतून वर आले. त्यामुळे ज्या बाजूला कोणीतरी दार लावून आठवडाभर निवांत काम करू शकतो ती बाजू सगळ्यात कच्ची, मग ती भिंत असो, छत असो नाहीतर फरशी. दुकान वर आणि तळघर खाली असेल तर वरच्या दुकानात रात्री घुसलेला माणूस तुमच्या छतावरच उभा असतो हे विसरू नका.

तपासा: सहाही बाजूंच्या पलीकडच्या जागेचा मालक किंवा भाडेकरू कोण, हे लिहून झालं का? एखाद्या बाजूला "माहीत नाही" असेल तर ती कच्ची धरा.

## २. पाणी आणि परवानगी, ही दोन्ही आत्ताच

पावसाळ्यात, जमलं तर ऑगस्टमध्ये, त्या जागी किंवा शेजारच्या बेसमेंटमध्ये जाऊन बघा. कोपऱ्यात ओल, भिंतीवर पांढरा खार, शेवाळ, विहिरीची पातळी. उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत दिसणारं तळघर जुलैत पाझरतं. काळी माती असेल तर अजून एक भानगड, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतीवर बाजूने ढकलणारा जोर येतो, जो नऊ इंची विटेच्या भिंतीला झेपत नाही, तिला आडवी भेग जाते.

पूररेषा बघा. सांगली-कोल्हापुरात २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, निळ्या-लाल रेषेच्या आत तळघरात स्ट्राँगरूम करूच नये, पहिल्या मजल्यावर करा, हे माझं स्पष्ट मत. भिंत वॉटरप्रूफ केली तरी दारातून पाणी येतंच.

मंजूर नकाशात ती खोली दाखवलेली पाहिजे. तळघरात स्ट्राँगरूम हा वापर साधारणपणे चालतो, पण जुन्या इमारतीत गुपचूप बांधलेल्या जड खोलीचा त्रास नंतर विम्याच्या क्लेमच्या वेळी होतो. विमा कंपनीला बांधायच्या आधी लेखी विचारा की भिंत, दार, अलार्म यांच्या काय अटी आहेत. पतसंस्था किंवा बँक असेल तर स्ट्राँगरूम बांधकामासाठी आयएस (भारतीय मानक) १५३६९ आणि दारासाठी आयएस १११८८ हे स्टँडर्ड आर्किटेक्टच्या हातात द्या आणि त्यातल्या कुठल्या क्लासला काम करायचं ते ठरवून घ्या.

सावधान: स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका. खाली दिलेले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत, डिझाईन म्हणून नाही.

## ३. आता मटेरियल

एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे भरलेला हलका काँक्रीटचा ठोकळा. नाही. पार्टिशनला छान, हलका, घनमीटरला साडेपाचशे-सहाशे किलोच्या आसपास, पण तो साध्या हातकरवतीने कापला जातो, साईटवर गवंडी कापतातच. स्ट्राँगरूमला कुठल्याच बाजूने नको, बाहेरून प्लास्टर मारलं तरी नको. बिल्डरने आधीच एएसीची खोली बांधून "इथे तिजोरी ठेवा" म्हणून दिली असेल तर ती भिंत शून्य धरून आतमध्ये वेगळी भिंत घ्या.

वीट. आपल्याकडच्या विटेत दर्जा इतका खाली-वर असतो की काय बोलायचं, एकाच ट्रॅक्टरमधल्या दोन विटा आपटल्या की एक खणखणते आणि एक तुटते. आणि खरी कमजोरी वीट नाहीच, सांधा आहे, एक वीट निघाली की पुढच्या हाताने निघतात. नऊ इंची काय, चौदा इंची काय, सांध्याचा नियम तोच. बाहेरची दर्शनी भिंत म्हणून ठेवा, सुरक्षेच्या हिशोबात धरू नका.

सॉलिड काँक्रीट ठोकळा. विटेपेक्षा बरा, पण सांधे इथेही आहेतच. पोकळ ब्लॉक घेऊन पोकळीत सळई टाकून काँक्रीट भरतात ते ठीकठाक चालतं, फक्त प्रत्येक पोकळी खरंच भरली का हे नंतर कळायला मार्ग नसतो, आणि आपल्याकडे त्यात अर्धी रिकामीच राहते. घरगुती वापर, मातीकडची नसलेली बाजू, बजेट कमी, एवढ्यातच विचार करा.

जांभा आणि काळा दगड. कोकणात, गोव्यात चिरा स्वस्त आणि हाताशी म्हणून तळघरालाही वापरतात. जांभ्याला छिद्रं असतात, पाणी पितो, आणि तो मुळात कापून काढायचा दगड आहे, मग चोराला तो कापायला काय अडचण. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, तो मात्र कठीण, जुन्या वाड्यांची दोन-अडीच फुटी दगडी भिंत कमी समजू नका. पण मधे बऱ्याचदा चुना-माती आणि बारीक दगडांची भर असते, ती काळाने मोकळी झालेली असते. अशी भिंत असेल तर पाडू नका, आतून आरसीसीचं, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, अस्तर द्या.

आरसीसी, जागेवर ओतलेलं. उत्तर हेच आहे, आणि सहाही बाजूंना. सांधा नाही, सळई आत गुंतलेली, आगीत टिकतं, मातीचा आणि पाण्याचा दाब घेतं. अजून एक फायदा ज्याकडे लोक बघत नाहीत: भिंतीला लावायचा सिस्मिक सेन्सर, जो ड्रिल किंवा हातोड्याचं कंपन ओळखतो, तो सलग काँक्रीटवर नीट चालतो. वीट, पोकळी, फोम, पत्रा असे थर असले की कंपन मधेच मरतं. पतसंस्थांमध्ये महागडे सेन्सर आणि मागे विटेची भिंत असं कॉम्बिनेशन दिसतं, पैसे वाया.

स्टील प्लेट. ६ मिमीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरते. एकटी प्लेट म्हणजे भिंत नाही, गॅस कटर आणि ग्राइंडर दोन्ही तिला ओळखतात. पण काँक्रीटच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेल्या अँकरने काँक्रीटमध्येच रुतवलेली प्लेट चांगली, कारण काँक्रीट फोडायचं हत्यार वेगळं आणि प्लेट कापायचं वेगळं, चोराला दोन्ही आणावी लागतात. काँक्रीट झाल्यावर फास्टनर मारून नंतर ठोकलेली प्लेट मात्र घेऊ नका. मधे हवा राहते, दमट हवा राहते, आणि गंज तुम्हाला दिसतच नाही.

स्टील फायबर. हुक असलेले बारीक तारेचे तुकडे, घनमीटरला ३०-४० किलो, आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटवरच मिसळून येतात. तडे कमी जातात आणि फोडताना काँक्रीटचे ढलपे सहज सुटत नाहीत. सळईच्या बदली नाही, सळईच्या जोडीला.

जिप्सम बोर्ड, ईपीएसचे (थर्मोकोलचे) सँडविच पॅनल, प्लायवूडचं पॅनलिंग यावर शब्द घालवत नाही.

## ४. जाडी आणि सळई

घरगुती तिजोरीच्या खोलीला ८-९ इंच, सराफाला किंवा पतसंस्थेला १२ इंच, असा साधारण विचार करून इंजिनिअरकडे जा. जाडी वाढवत बसण्यापेक्षा सळई नीट लावा. दोन जाळ्या, एक आत एक बाहेर, चार सुती म्हणजे १२ मिमी, दोन्ही दिशांना १०० मिमी अंतरावर, आणि मुख्य म्हणजे दुसरी जाळी पहिलीच्या चौकोनांच्या मधोमध येईल अशी सरकवलेली. बार बेंडर ही गोष्ट हमखास विसरतो, त्याला दोन्ही जाळ्या समोरासमोर बांधायची सवय असते, सोपं पडतं. समोर उभं राहून टॉर्च मारा, दोन्ही जाळ्या मिळून आरपार दिसणारा चौकोन ५० मिमीच्या आत पाहिजे.

हिशोब करून दाखवतो. आतून १० बाय ८ फूट, उंची ८ फूट, भिंत एक फुटी. भिंतींचं काँक्रीट ३२० घनफूट, म्हणजे सव्वातीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडं आत, ९ घनमीटर. सळई दोन्ही जाळ्या धरून चौरस मीटरला साधारण ३५ किलो, सगळ्या भिंतींना मिळून एक टनाच्या वर, लॅप (सळयांची एकमेकींवर चढवलेली टोकं) आणि वेस्टेज वेगळं. छत आणि तळ पण एक फुटी घेतला तर एकूण काँक्रीट १६ घनमीटर आणि वजन ४० टनांच्या घरात. हा आकडा इंजिनिअरला सांगितल्याशिवाय कोणी जुन्या स्लॅबवर किंवा भरावावर ही खोली बांधायला घेतली तर ती खचणार.

आवारात स्वतंत्र, जमिनीत पुरलेली खोली करणाऱ्यांनी याच हिशोबाची दुसरी बाजूपण बघा. वर सांगितलेली एक फुटी खोली पूर्ण पाण्यात गेली तर पाणी तिला साधारण ३४ टनांनी वर उचलतं, तिचं वजन ४०, बसते जागेवर. तीच खोली सहा इंचीने केली तर वजन १८ टनांच्या आत आणि उचल २५, म्हणजे रिकामी खोली अक्षरशः तरंगायला बघते.

तपासा: मातीच्या बाजूला कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ४०-४५ मिमी, आतल्या बाजूला नकाशात असेल तेवढं. कव्हर ब्लॉक काँक्रीटचे, खडीचे तुकडे अडकवलेले चालणार नाहीत. कोपऱ्यात सळई नुसती येऊन थांबलेली नको, वळून पुढच्या भिंतीत लॅप झालेली पाहिजे.

## ५. दार आधी घ्या, भिंत नंतर

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. भिंत ओतून झाल्यावर दाराची ऑर्डर देतात, दार येतं, चौकट दोन इंचाने मोठी निघते, मग ब्रेकर लावून फोडाफोड, सळई कापली जाते, आणि जी जागा सगळ्यात मजबूत हवी तीच सिमेंट-वाळूने भरून चोपडी केली जाते. स्ट्राँगरूमचं दार आधी ठरवा, कंपनीकडून चौकटीचं ड्रॉइंग आणि अँकरच्या जागा लेखी घ्या, शक्य असेल तर चौकट उभी करून तिचे अँकर सळईत गुंतवूनच ओता. दाराचं वजन शेकड्याने किलोत असतं, ते जिन्यावरून खाली कसं जाणार हेही आत्ताच बघा, नाहीतर भिंत झाल्यावर दार वरच बसून राहतं.

पाइपांचंही तसंच. वीज, सेन्सर, सीसीटीव्ही, हवेचा पाइप, या सगळ्यांची यादी करून मोजके कंड्यूट (वायरी न्यायच्या नळ्या) सळईबरोबर टाका, आणि हवेचा पाइप बारीक आणि वाकडा ठेवा, सरळ आरपार नको. पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन या भिंतीतून आणि छतातून जाता कामा नये, वर बाथरूम असेल तर नकाशा बदला. नंतर एसीवाला येऊन सहा इंची भोक पाडून जातो, त्याला आधीच बोलवा.

## ६. ओतायचा क्रम

१. तळाचा राफ्ट (सलग काँक्रीटचा तळ) आणि त्याच्याबरोबरच भिंतीचा १५० मिमीचा स्टार्टर (भिंतीचा खालचा पहिला भाग) एकत्र ओता. सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) मधोमध उभी, वाकलेली नको.

२. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टार्टरचा माथा टोचून खरबरीत करा, वरची साय काढा, हवेने किंवा पाण्याने धुवा. सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावल्यावर आत काही दिसत नाही, म्हणून धुण्याचं काम आधीच.

३. सेंट्रिंगला आरपार पीव्हीसी पाइप घालून बोल्ट मारायची पद्धत इथे बंद. ते पाइप नंतर काढतात, भोकं वरवर बुजवतात, आणि प्रत्येक भोक पाण्याची वाट होतं. आतच राहणारे टाय वापरा.

४. काँक्रीट एम ३० (हा ताकदीचा दर्जा) किंवा वर, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, सळई दाट असेल तर बारीक खडी. गाडीतून उतरताना ड्रायव्हर "जरा पाणी मारू का" विचारेल, नाही म्हणा, पातळ हवं असेल तर प्लँटवाल्याकडून ॲडमिक्स्चर घ्या.

५. दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून टाकू नका, पाइप खाली सोडा. सगळीकडे फिरून फूट-दीड फुटाचे थर, प्रत्येक थरात नीडल (व्हायब्रेटरची सुई) आधीच्या थरात थोडी शिरवून. आठ फूट एका कोपऱ्यातून सलग भरलं तर सेंट्रिंग फुगते, आणि दोन गाड्यांच्या मधे तास-दीड तास गेला तर कोल्ड जॉइंट (दोन थर एकजीव न झालेला सांधा) पडतो. ९ घनमीटर म्हणजे दोन गाड्या, दुसरी प्लँटवरून निघाल्याचा फोन आल्यावरच पहिली रिकामी करायला सुरुवात करा.

६. क्युरिंग ओपीसीला (साध्या सिमेंटला) किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १०. उभ्या भिंतीवर नुसता पाइप फिरवून पाणी टिकत नाही, गोणपाट बांधा.

सावधान: सेंट्रिंग काढल्यावर हनीकोंब (खडी उघडी पडलेली पोकळ जागा) दिसला की गवंडी लगेच माल लावून लपवायला बघतो. थांबवा. सुटी खडी निघेपर्यंत फोडा, इंजिनिअरला दाखवा, मायक्रोकाँक्रीट किंवा नॉन-श्रिंक ग्राउटने भरा. लपवलेला हनीकोंब हातोडीने ठोकला की बोदा वाजतो, त्यामुळे पूर्ण भिंत ठोकून बघायची, प्लास्टरच्या आधी.

## ७. जुन्या तळघरात करायचं असेल तर

जुनी भिंत वीट किंवा दगड, आतून नवीन आरसीसी. जागा असेल तर सहा इंची तरी भिंत, आत सेंट्रिंग लावून मायक्रोकाँक्रीट किंवा बारीक खडीचं काँक्रीट. जागा कमी असेल तर जाळी बांधून गनायटिंग, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट. गनायटिंगमध्ये उडून पडलेला माल सळईच्या मागे साठतो आणि तिथे पोकळी राहते, तो सतत काढायला वेगळा माणूस पाहिजे, आणि खाली पडलेला माल परत वापरू द्यायचा नाही. जुन्या भिंतीत ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त, नाहीतर ओल नव्या भिंतीच्या मागे कोंडली जाते. छत आणि फरशी विसरू नका हे परत सांगतोय, कारण जुन्या कामात नव्वद टक्के लोक चार भिंती करून थांबतात.

## ८. वॉटरप्रूफिंग, मग भराव

नवीन बांधकामात पाणी बाहेरूनच अडवायचं. शहाबाद फरशीचं बॉक्स टाइप असो की मेम्ब्रेन (चिकटवायची वॉटरप्रूफ चादर), दोन्ही चालतात, करणारा माणूस महत्त्वाचा. तळ आणि भिंतीच्या कोपऱ्यात वाटा (गोलाई) काढलेला पाहिजे, मेम्ब्रेन काटकोनात वाकवली की तिथेच फाटते. आतून केलेलं कोटिंग हा नाइलाजाचा उपाय आहे, मागून पाण्याचा दाब आला की पोपडे सुटतात.

भराव मुरमाचा, काळ्या मातीचा नको, आणि भिंत पुरेशी पक्की होऊन वरचा स्लॅब झाल्यावरच. घाई करून मोकळ्या भिंतीला जेसीबीने माती लोटली की भिंत आत कलते. मेम्ब्रेनला भरावातल्या दगडांनी भोकं पडतात, त्यावर संरक्षणाचा थर द्या.

## ९. आतली बाजू, आणि ताबा घ्यायच्या आधी

आतून साधं प्लास्टर किंवा नुसतं काँक्रीट, त्यावर श्वास घेणारा रंग. ऑइलपेंट, पुट्टी, लाकडी पॅनल नको, हे तिन्ही ओल लपवतात. लॉकरची कपाटं भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, मागे टॉर्च मारून बघता आलं पाहिजे. सोन्याला दमटपणाचं काही नाही, पण चांदी काळी पडते आणि कागदपत्रं, नोटा खराब होतात, म्हणून डीह्युमिडिफायर आणि एक साधा हायग्रोमीटर ठेवा. डीह्युमिडिफायरचं पाणी जायची नळी दाराखालून काढू नका, आधी टाकलेल्या कंड्यूटचा उपयोग इथेच.

एक पूर्ण पावसाळा खोली रिकामी ठेवता आली तर फार बरं. नाही जमलं तर निदान बाहेरच्या बाजूला दोन-तीन दिवस पाणी सोडून आत कोपरे बघा, विशेषतः स्टार्टरचा सांधा आणि कंड्यूटच्या भोवतीची जागा.

आणि हे टाळू नका: फूटभर आरसीसीच्या आत मोबाइलला रेंज येत नाही. आत काम करताना चुकून दार बंद झालं तर माणूस ओरडून ऐकू येत नाही. तारेवरची बेल किंवा इंटरकॉम, हवेचा पाइप, बॅटरीवरचा दिवा आणि दार आतून उघडायची कंपनीने दिलेली सोय, हे चारही चालू आहेत का ते एका माणसाला आत ठेवून, दार खरंच बंद करून तपासा. मगच कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल काढा.